उघडं लोखंड

पूर ओसरला की काशीला काही दिवस स्वतःचा वास नसतो, गाळाचा असतो. राजाघाटाच्या पायऱ्यांवर पंप लावून पाण्याचे जाड फवारे मारतात आणि गंगेनं आणून टाकलेली माती पुन्हा गंगेतच ढकलतात. वरच्या पायऱ्या उघड्या होऊन वाळतात, खालच्या अजून मातीखाली असतात, आणि मधल्या पायऱ्यांवर घसरून पडणाऱ्या भाविकांना आजूबाजूचे लोक गंगामैयाचं नाव घेत उठवतात. हवा या दिवसांत कुठलीच बाजू घेत नाही. पाऊस संपलेला असतो, पण तसं त्यानं कुणाला सांगितलेलं नसतं. दोरीवरचा टॉवेल दिवसभर वाळतो आणि संध्याकाळी हाताला गारच लागतो.

लोक या दिवसांना सणांचा ऋतू म्हणतात. माझ्या लेखी हा गंजाचा ऋतू आहे. परवा जिन्याखालच्या कोठीचं कुलूप उघडायला गेलो, तर किल्ली फिरेना. तेल सोडून, ठोकून, मनधरणी करून ते उघडलं तेव्हा बोटं तांबूस झाली होती. ती मी नाकाशी नेली. गंज लागलेल्या बोटांचा वास रक्ताच्या फार जवळचा असतो. हे मला एका आश्विनात कळलं, नानांच्या अंगणात. त्याआधी माझं आयुष्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलं होतं, आणि तिथे वस्तू खराब होत त्या वाळवीनं.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. फौजेत गाड्या दुरुस्त करत सुभेदार झाले, आणि निवृत्तीनंतर फौजेनंच मोडीत काढलेली एक जुनी जीप घेऊन घरी आले. राजाघाटावरच्या आमच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला ओट्यावर चढावं लागतं. तिथे जीप कुठली शिरायला. म्हणून त्यांनी वरुणा नदीपलीकडे जागा घेऊन घर बांधलं. माणसं घर बघून गाडी घेतात. आमच्याकडे उलटं झालं. वहिनींनी पहिल्यांदा ते अंगण बघितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे गाडी राहणार, आणि जागा उरली तर आपण."

त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीरंग त्या जीपच्या स्टिअरिंगला धरून उभा राहायला शिकला. पुढे तो स्वतः फौजेत कप्तान झाला आणि जीप पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. मी सांगतोय त्या वर्षी गंगा चढली, तशी वरुणा उलटी फिरली. तिचं पाणी कुंपणावरून अंगणात आलं आणि जीप सीटपर्यंत बुडून राहिली. नाना-वहिनी गच्चीवर होते. तेव्हाच श्रीरंगचा फोन आला. तो उत्तरेला, खूप उंचावर होता.

"आई, गाडी बुडली का?"

"आम्ही नाही बुडलो," वहिनी म्हणाल्या.

तो हसला. मग म्हणाला, "आता काही दिवस फोन लागणार नाही. तुम्ही करत बसू नका. मी करीन."

पूर ओसरला. फोन आला नाही.

त्या दिवसांत टीव्हीवर रोज संध्याकाळी नकाशा लावून चार माणसं युद्ध जिंकत. त्यांच्यामागे रणगाडे धावत, स्क्रीनच्या कडांना आग लागलेली असे, आणि माणसांचे केस मात्र जागच्या जागी असत. सीमेवर खरंच काय चाललंय ते कळायला काही मार्ग नव्हता. एक दिवस वहिनींनी रिमोटमधले सेल काढले आणि भिंतीवरच्या बंद घड्याळात घातले. "निदान एक गोष्ट तरी नीट चालेल," म्हणाल्या. फोन त्यांनी ओसरीच्या खिडकीत ठेवला, आणि तोही स्टीलच्या ताटात. वाजला तर थरथरेल, थरथरला तर ताट वाजेल, म्हणजे कुठूनही ऐकू येईल.

नानांनी जीप खोलायला घेतली.

मला कुणी बोलावलं नव्हतं. पण घरी बसून आपल्या फोनकडे बघण्यापेक्षा तिथे बसून त्यांच्या फोनकडे बघणं मला बरं वाटे. रोज सकाळी टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात, बसून वरुणेचा पूल ओलांडायचो. अंगणात विटांच्या चौथऱ्यांवर जीप उभी. चाकं, सीटा, मडगार्ड सुटे करून भिंतीशी लावलेले. आणि नाना बॉनेट दोन स्टुलांवर उताणं टाकून तारेच्या ब्रशनं घासत असलेले. मला रॉकेलच्या डब्यात बोल्ट बुडवायचं काम दिलं होतं. ज्यात नुकसान करता येणार नाही असं तेवढं एकच काम तिथे होतं.

गंज नुसता गंज नसतो. वरचा कुंकवासारखा सुटा असतो, फुंकरीनं उडतो. त्याच्या खालचा पापुद्र्यांचा. ब्रश लावला की पापडासारखा तुटतो. त्याच्याही खाली पत्र्याला बारीक खड्डे पडलेले असतात आणि गंज त्या खड्ड्यांत जाऊन बसलेला असतो. तो ब्रशला दाद देत नाही. त्याला रेगमाल, म्हणजे घासायचा वाळूकागद, लागतो, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग ब्रशनं आम्ल लावायचं, वाट बघायची, कोरड्या फडक्यानं पुसायचं. नाना अधूनमधून छोट्या हातोडीनं पत्रा ठोकून बघत. धड लोखंड वाजतं. खाल्लेलं लोखंड बद्द बोलतं. ते ठोकत, कान देत, आणि पुढे सरकत. दवाखान्यात डॉक्टर छातीवर बोटं ठोकतो तेव्हा आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, तसा मी बघत राही.

रंगाच्या थरांखाली रंग निघत होते. सगळ्यांत वर नानांचाच लावलेला तकतकीत हिरवा. त्याखाली कुठल्या तरी आधीच्या मालकाचा आकाशी, ज्याबद्दल नाना घरातल्या एखाद्या लाजिरवाण्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलत. त्याच्या खाली मूळचा, मेलेल्या पानाच्या रंगाचा. आमच्या ग्रंथालयात एका पोथीवर दुसरी पोथी लिहिलेली सापडली असती तर तीन परिसंवाद झाले असते. इथे नाना रेगमाल फिरवत आणि तिन्ही काळ एकाच धुळीत खाली पडत.

"सगळंच काढायलाच हवं?" मी एकदा विचारलं. "जिथे गंज थोडा आहे तिथे वरून रंग मारला तर?"

"बसतो की. छान बसतो," नाना म्हणाले. "दोन पावसाळे काढतो. मग फोड येतो. नेमका तिथेच."

भिंतीशी ग्राइंडर पडला होता. रंगासाठी मागून आणलेला कंप्रेसरही होता. ग्राइंडरनं दोन दिवसांत झालं असतं ते काम नाना हातानं करत बसले होते. मी कारण विचारलं, तर म्हणाले मशीननं पत्रा तापतो. ते खरं होतं. पुन्हा विचारलं, तर म्हणाले मशीन पत्रा खातं. तेही खरं होतं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. दर थोड्या वेळानं ब्रश मधेच थांबे. कुठे तरी एखादी मोटारसायकल थरथरे, शेजारी कुकरची शिटी सुरू व्हायच्या बेतात असे, आणि नानांची मान ओसरीच्या खिडकीकडे वळलेली असे. मग पुन्हा ब्रश. मशीन लावलं असतं, तर ताट ऐकू आलं नसतं.

त्यानंतर मीही बोल्ट डब्यात हळू सोडू लागलो.

मोहल्ल्याच्या विजयादशमी शोभायात्रेच्या समितीचे अध्यक्ष चौबेजी यांना ही जीप फाटकाबाहेरून दिसली होती. चौबेजी मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे गृहस्थ. पुरात त्यांनीच नावेतून घरोघर दूध पोचवलं होतं, त्यामुळे त्यांना फाटकातून परत पाठवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं.

"सूबेदार साहब, दशहरे को सबसे आगे आपकी जीप चलेगी," ते म्हणाले. "और जीप में खड़े रहेंगे आप. माला-वाला सब हमारी तरफ से."

"मैं खड़ा रहूँगा तो चलाएगा कौन?"

"अरे गुरु, चलाने वाले बहुत हैं. कप्तान साहब के बाप तो एक ही हैं."

नानांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनी रेगमाल बदलला. चौबेजींनी ते होकार म्हणून नेलं. जाता जाता त्यांना मडगार्डच्या आतल्या बाजूला नानांनी नमुन्यादाखल लावलेला रंगाचा पट्टा दिसला.

"ई का? चमक तो हइए नहीं. ऐसा चमकाइए कि दूल्हे की गाड़ी फेल हो जाए."

"फौज का रंग चमकता नहीं, चौबेजी."

"काहे?"

"चमकी तो दिखती है," नाना पत्र्यावरची नजर न काढता म्हणाले. "दिखी तो गई."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. नानांना ते उशिरा कळलं. वहिनींनी ट्रे स्टुलावर ठेवला, कप आमच्या दिशेला फिरवले, "साखर कमी असेल," म्हणाल्या आणि आत गेल्या. साखर बरोबर होती.

मिरवणुकांबद्दल माझं मत कधीच बरं नव्हतं. ज्याच्यासाठी मिरवणूक निघते तो सहसा तिच्यात नसतो, आणि असला तर त्याला काही विचारलेलं नसतं. पण हे मत होतं, आणि मतं बाळगायला त्रास होत नाही. त्रास झाला तो दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी, चौबेजी दोन माणसांच्या खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स देऊन आले तेव्हा. तो फाटकावर लावायचा होता. त्यांनी तो अंगणात उलगडला. वरच्या बाजूला समितीच्या सभासदांचे चेहरे, हात जोडलेले, ओळीनं. मधे गणवेशातला श्रीरंग, सभासदांपेक्षा जरा लहान. खाली 'वीर सपूत' अशी अक्षरं. आणि श्रीरंगच्या फोटोभोवती, छापखान्याच्या तयार नमुन्यातला, झेंडूचा जाडजूड हार.

फोटोला हार.

वहिनी बघत राहिल्या. नानांचा ब्रश थांबला, आणि या वेळी मान खिडकीकडे वळली नाही. चौबेजींना क्षणभर उशिरा समजलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच लहान झालेला ऐकला. "अरे... ऊ डिज़ाइन वाले ने... भाभीजी, हम तो देखे ही नहीं..."

"रख जाइए," वहिनी म्हणाल्या. "काम आएगा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो फ्लेक्स बॉनेटच्या स्टुलांखाली अंथरलेला होता. मधे एक चौकोनी भोक होतं. श्रीरंगचा चेहरा वहिनींनी हाराच्या आतून कात्रीनं कापून काढून घेतला होता. समितीचे सभासद हात जोडून आभाळाकडे बघत पडले होते आणि त्यांच्यावर गंज झडत होता. "इतकं जाड कापड बाजारात मिळत नाही हो, विनूभाऊजी," वहिनी मला म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

खंडेनवमीच्या सकाळपर्यंत जीपची चाकं परत लागली होती आणि बॉनेट संपूर्ण उघडं झालं होतं. रंग नाही, गंज नाही, नुसतं लोखंड. नदीवर ढगाळ दिवशी पडतो तसा राखाडी उजेड त्याच्यावर पडला होता. असं लोखंड उघडं ठेवायचं नसतं, आश्विनात तर नाहीच. ज्या दिवशी घासलं त्याच दिवशी प्रायमर बसला पाहिजे. नानांनी आयुष्यभर आपल्या हाताखालच्या पोरांना हेच सांगितलं होतं.

पण वहिनींनी पाट मांडले होते. पान्हे, जॅक, हातोडी, तारेचे ब्रश, रेगमालाचे तुकडे, रंगाची गन, आणि पाटावर मावत नव्हता म्हणून जमिनीवरच कंप्रेसर, त्याला झेंडूची माळ. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लहानपणी आम्ही या नियमात पुस्तकंही घुसडत असू. एरवीच्या वर्षी नाना म्हणाले असते, आधी प्रायमर, मग पूजा, देव काही पळून जात नाही. त्या सकाळी ते पाटासमोर हात धुऊन उभे राहिले. लोखंडाचा नियम त्यांना ठाऊक होता, घराचाही ठाऊक होता, आणि दोन्ही एकदम पाळता येणार नव्हते. संकटात माणूस श्रद्धाळू होतो असं मला वाटत नाही. कुठलीही गोष्ट चुकवायचा धीर मात्र त्याच्यात उरत नाही.

पूजा झाली. हत्यारं पाटावर राहिली. बॉनेट उघडं राहिलं.

दिवसभर माणसं येत होती. चौबेजींनी बातमी पसरवली होती की कप्तानसाहेबांच्या घरी जीप सजते आहे. येणारा प्रत्येक जण त्या लोखंडाला हात लावून तो कपाळाला नेत होता. कुणी पाच बोटं टेकवली, कुणी दोन. चौबेजींनी दोन्ही तळवे टेकवून वर डोकंही टेकवलं. नाना दर हाताबरोबर आतून आक्रसत असलेले मला दिसत होते, पण जोडलेल्या हाताला हात लावू नका असं सांगणार कसं? सगळे गेल्यावर वहिनी आल्या. हळद-कुंकवानं ओला झालेला उजवा हात त्यांनी बॉनेटवर ठेवला. टेकवला नाही, ठेवला. दुसऱ्या कुणाच्या अंगावर ताप बघायला ठेवतात तसा. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग हात न पुसता आत गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी बॉनेटवर माणसं उमटली होती.

प्रत्येक स्पर्श गंजून वर आला होता. बोटांची टोकं, त्यांवरच्या रेषा, अंगठे, अर्धवट तळवे, सगळे नारिंगी. चौबेजींच्या कपाळाचा एक लांबट डाग मधोमध. एखाद्या जुन्या गुहेत दिव्याच्या उजेडात दिसावं तसं काहीतरी. आणि एका बाजूला, सगळ्यांहून गडद, एक अख्खा हात.

शोभायात्रेसाठी जीप न्यायला चौबेजी आले तेव्हा नाना त्या बॉनेटसमोर बसले होते. चौबेजींनी आपलं कपाळ ओळखलं नाही. "ऊपर से रंग मार दीजिए न. कौन देखने जा रहा है?"

"फोड़ा आएगा."

"तब तक तो दशहरा बीत जाएगा, सूबेदार साहब."

त्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूनं बिनचूक होतं. मिरवणुकीचं लोखंड एक दुपार टिकलं की झालं. नाना म्हणाले, "नहीं," आणि तेवढंच म्हणाले. मिरवणूक मालवाहू ट्रकवर निघाली, आणि नाना पाटावरची फुलं बाजूला करून, ब्रशला नमस्कार करून पुन्हा कामाला लागले. आधी चौबेजींचं कपाळ काढलं.

दुपारी मिरवणूक नानांच्या रस्त्यावर आली. येणारच होती. फौजीच्या घरासमोर थांबून मानवंदना द्यायची, असं ठरलं होतं. ट्रकवर माणसापेक्षा उंच भोंगे होते. गाणं कुठलं होतं ते कळत नव्हतं. छातीत धप्प धप्प बसत होतं एवढंच. पत्र्याची शेड थरथरत होती, खिडक्यांची तावदानं वाजत होती, माझ्या डब्यातले बोल्ट एकमेकांवर आपटत होते. ताटही वाजत होतं. सगळंच वाजत होतं. चौबेजी हार घेऊन अंगणात आले, नानांच्या गळ्यात घातला, फोटो काढले गेले, घोषणा झाल्या. वहिनी दारात हात जोडून उभ्या होत्या. ट्रक हळूहळू पुढे सरकला, भोंगे कोपऱ्यावरून वळले, आणि अंगणात पुन्हा माणसाचा आवाज ऐकू येऊ लागला.

वहिनी खिडकीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा फोन दोन्ही हातांत धरला होता, भरलेली वाटी धरावी तसा.

"अनोळखी नंबर आहे," त्या म्हणाल्या. "दोनदा येऊन गेला."

त्यांनी तो नंबर लावला. लागत नव्हता. पुन्हा लावला. एक बाई फार प्रेमानं सांगत होती की हा नंबर सध्या उपलब्ध नाही. नाना गळ्यातल्या हारासकट उभे होते. तो काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी मनात हिशेब मांडत होतो की तो फोन बँकेचा असेल, कर्जवाल्याचा असेल, चुकीचा असेल. आणि तो दुसऱ्याच कुणाचा, काही कळवायला केलेला असेल हे वाक्य मी अर्ध्यावर थांबवत होतो.

चौबेजी अजून अंगणात होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी वहिनींच्या हाताकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मग खिशातून आपला फोन काढला. "बंद करवाओ," ते कुणाला तरी म्हणाले. "हाँ, बाजा. पूरे रास्ते बंद. हम कह रहे हैं न." दूरवर धपधप थांबली. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि हलले नाहीत. ती मिरवणूक पुढे नदीपर्यंत झेंडे धरून नुसतीच चालत गेली म्हणतात. काशीत मुकी मिरवणूक निघाल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

दुपार सरता सरेना. चौबेजी पायरीवर, वहिनी खिडकीशी. नाना रेगमाल इतका हळू फिरवत होते की त्याचा आवाजच येत नव्हता. एकेक बोट, एकेक अंगठा पुसला जात होता. खालून पुन्हा राखाडी लोखंड वर येत होतं. शेवटी तो एक हात राहिला.

उन्हं उतरली. आपटा इथे सहजी मिळत नाही. आमच्याकडे सोनं म्हणून कचनारची पानं चालतात. मी सकाळीच खिशात घातलेली पानं आता मलूल झाली होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी ती काढली आणि नानांसमोर धरली. नानांनी रेगमालाचा हात पुढे केला, आणि ताट वाजलं.

वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला की तो चुकून पडला, मला सांगता येणार नाही. श्रीरंगचा आवाज खरखरत आला. "आई? दुपारी केला होता मी. दोनदा."

"हो."

"उठाया क्यों नहीं?"

"ऐकू आला नाही रे."

"एवढा कसला गोंधळ चाललेला तिकडे?"

"तुमचा जयजयकार चालला होता," वहिनी म्हणाल्या.

पलीकडे तो हसला. चौबेजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नाना फोनजवळ गेले. "सगळे ठीक?"

खरखर वाढली, कमी झाली. "मी ठीक आहे, बाबा."

नानांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला नाही. फौजेत इतकी वर्षं काढलेला माणूस. थोड्या वेळानं श्रीरंगच म्हणाला, "गाडीचं काय? वाचली?"

"वाचली," नाना म्हणाले. "रंग बाकी आहे."

मग फोन कटला. वहिनी तिथेच खाली बसल्या. नाना बॉनेटकडे परत आले. त्या उरलेल्या हाताकडे त्यांनी बघितलं, रेगमाल उचलला, पुन्हा ठेवला. ते कंप्रेसरपाशी गेले, त्याच्या गळ्यातली माळ काढली, स्वतःच्याही गळ्यातली काढली, आणि बटण दाबलं. महिनाभर मुका पडलेला तो कंप्रेसर एवढ्या मोठ्यानं खडखडला की शेडवरची कबुतरं उडाली. नानांनी गन हातात घेतली आणि प्रायमरचा पहिला हात मारला, डावीकडून उजवीकडे, कुठेही न थांबता. वहिनी बघत होत्या. मीही.

दिवाळीपर्यंत जीप पुरी हिरवी झाली. मेलेल्या पानाची, अजिबात न चमकणारी. दर वर्षी चौबेजी शोभायात्रेसाठी विचारून जातात. दर वर्षी नाना सांगतात, अजून रंग वाळायचा आहे. चौबेजी मान डोलावतात. त्यांची मिरवणूक आता नानांच्या रस्त्यावरून वाजत येते, पण घरासमोर आली की दहा पावलं बाजा बंद असतो. याचं कारण नव्या मुलांना माहीत नाही. त्यांना वाटतं कुठला तरी जुना नियम असेल.

या वर्षी दसऱ्याला श्रीरंग रजेवर आला आहे. काल मी गेलो तेव्हा तो जीप धूत होता. कपाळावर बारीकशी खूण आहे. तिच्याबद्दल त्यानं सांगितलेलं नाही, आणि आम्ही विचारलेलं नाही. धुता धुता तो थांबला, बॉनेटवरून बोटं फिरवली आणि वाकून बघू लागला.

"बाबा, यहाँ पेंट फूल गया है. हे बघा, एक, दोन... पाच ठिकाणी. खाली गंज राहिलाय." तो हसला. "तुम्ही? आणि गंजावर रंग मारलात?"

ओसरीत वहिनी कचनारची पानं निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"घाई होती," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्हाला कसलीही घाई नव्हती.